बिनकागदाची बाईसाहेब

दोन काउंट्या, म्हणजे इथले दोन जिल्हे, ओलांडून एक गृहस्थ माझ्या दारात आला आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाला की तुमच्याकडची कुत्री माझी आहे, मी तिला न्यायला आलोय. यात संतापाची गोष्ट अशी की त्याला मीच आणलं होतं. आमंत्रण दिलं नव्हतं, पण पत्रं लिहिली होती, फोटो जोडले होते, नाकापासून शेपटीपर्यंतची मापं कळवली होती. हे विकतचं दुखणं कसं घेतलं ते सांगते, कारण असली चूक करायला आमच्यासारखीच माणसं लागतात.

मी आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो काउंटीतल्या कासलबारला आले दोन हजार चौदाच्या जुलैत, भूलतज्ज्ञ म्हणून. नवऱ्याची नोकरी देशाच्या दुसऱ्या टोकाला, डब्लिनजवळ सिटीवेस्टला. तो सोमवार ते गुरुवार तिथेच ल्यूकनमध्ये एका मित्राच्या घरी खोली घेऊन राहायचा आणि शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला घरी यायचा. मी आणि मुलगी इथे. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची, तेही असं की शेजारच्या आजींना वाटावं ही पोर मेयोतच जन्मली. मी रागवायचे, ती "ग्रँड" म्हणायची, म्हणजे इथल्या भाषेत ठीक आहे, आणि विषय संपायचा.

दोन हजार सोळाच्या शरद ऋतूत ऑपरेशन थिएटरमधल्या एका नर्सने सांगितलं की कुत्र्यांच्या कोंडवाड्यात एक विचित्र जनावर आलंय, उंच, पांढरं, हाडं मोजून घ्यावीत असं. सापडलेल्या कुत्र्याला तिथे पाच दिवस ठेवतात. मालक आला नाही तर दुसऱ्या कुणाला देतात, आणि तेही नाही जमलं तर पुढचं बोलायला नको. पाच दिवस होऊन गेले होते. मी नुसतं बघायला गेले. नुसतं बघायला जाणाऱ्यांचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

ती कोपऱ्यात उभी होती, बसलेली नव्हती. बाकीची कुत्री जाळीवर येऊन जीव तोडून भुंकत होती आणि ही भिंतीकडे बघत होती, एखाद्या बाईला चुकीच्या रांगेत उभं केल्यासारखी. लांब अरुंद तोंड, कमान टाकलेली पाठ, खाली लोंबणारे रेशमी केस, त्यांत काटेकुटे आणि शेण. पंजे सोलवटलेले. एक नख मुळापासून तुटलेलं. मी माणसांची डॉक्टर असले तरी आचळं बघून कळतं. वय चारेक वर्षांचं असावं आणि तेवढ्यात ती निदान तीनदा व्यायली असावी. मानेभोवती केस झडून गेलेला एक पट्टा होता, खूप काळ बांधून ठेवल्याचा. चिप नव्हती. त्याच वर्षी इथे प्रत्येक कुत्र्याच्या कातडीखाली मालकाची ओळख सांगणारी चिप घालणं सक्तीचं झालं होतं. तिथल्या माणसाने कागदावर लिहिलं होतं, "लर्चर". म्हणजे शिकारी कुत्र्यांचा कसलाही संकर. इथे तो शब्द भटक्यांच्या, चोरून ससे मारणाऱ्यांच्या कुत्र्यांसाठी वापरतात, आणि म्हणताना नाक जरा वर जातं.

मला ती बांधणी नवीन नव्हती. आमचं गाव सोलापूरहून विजापूरला जाताना लागतं. त्या पट्ट्यात कारवानी कुत्री असतात, उंच, शेलाटी, सशामागे सुटली की डोळ्यांना न दिसणारी. आमच्या कारवानीवर रेशमाचा झगा चढवला तर जे दिसेल ते माझ्यासमोर उभं होतं. मी सही केली, पावतीवजा कागद घेतला आणि तिला गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं. ती बसली नाही. कासलबारपर्यंत उभीच होती, आणि मला आरशातून मागचं काही दिसत नव्हतं.

घरी तिचं नाव पडलं बाईसाहेब. हाक मारली की यायचं नाही, बघायचं. पाहुणे आले की उठून दुसऱ्या खोलीत जायचं. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात. तर त्या प्रेसचं दार नाकाने उघडून भाकरीचं पीठ सांडायचं आणि मग आपला काही संबंध नसल्यासारखं खिडकीत उभं राहायचं. मुलगी तिच्या पोटाला टेकून अभ्यास करायला लागली. नवरा पहिल्या शुक्रवारी म्हणाला की हे घोडं कुठून आणलंस, आणि दुसऱ्या शुक्रवारी तिच्यासाठी उकडलेली कोंबडी घेऊन आला. वर्षभरात तिच्या अंगावर केस आले, मानेवरचा पट्टा भरून निघाला, आणि चित्रांशी ताडून बघताना मला वाटायला लागलं की ही रशियन बोर्झॉय असावी. कुणीतरी मोठ्या आवाजात बोललं की ती थरथरायची, ते मात्र गेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माझे वडील आले, आप्पा. तीन महिन्यांसाठी. त्यांनी दारातूनच बाईसाहेबांना बघितलं आणि चपला काढता काढता म्हणाले, "ही कुठल्या संस्थानची गं?"

त्याच महिन्यात जवळच्या गावात शेतकी प्रदर्शन भरलं होतं. गाई, मेंढ्या, जॅमच्या बाटल्या, आणि एका कोपऱ्यात कुत्र्यांची स्पर्धा. मुलीने हट्ट धरला म्हणून बाईसाहेबांना विंचरून घेऊन गेलो. शुद्ध ब्रीडच्या रांगेत मी उभी राहिले, तर हातात फळी घेतलेल्या बाईंनी नोंदणी क्रमांक विचारला. नाही म्हटल्यावर त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या की मग तुम्ही मिश्र वर्गात या, चार वाजता, सशांच्या नंतर. माझ्या मागे एक जण आयरिश वुल्फहाउंड घेऊन उभा होता. वासराएवढं धूड. तो मला धीर द्यायला म्हणाला की लर्चर आहे, पण चांगली लर्चर आहे.

माझं डोकं फिरलं. त्याला मी तिथल्या तिथे सांगितलं की तुमचा हा राष्ट्रीय अभिमान दीडशे वर्षांपूर्वी जवळजवळ संपला होता. ब्रीड पुन्हा उभी करायला दुसरी कुत्री मिसळली, त्यांत रशियन बोर्झॉयही होती. म्हणजे हा जर शुद्ध असेल तर ही त्याची पणजी लागते. तो माणूस भला होता. असं काही लोक म्हणतात खरं, एवढं म्हणून त्याने वुल्फहाउंडच्या कानामागे खाजवलं. मी मात्र चार वाजेपर्यंत थांबले नाही. मिश्र वर्गात उभं राहायला माझी हरकत नव्हती. हरकत होती ती त्या गोड हसण्याला. ते हसणं मी ओळखते.

आता ते कुठून ओळखते ते सांगायला हवं. मेडिकलला माझी जागा राखीव होती. आमची जमात कुठली ते सांगत नाही, विचारणाऱ्याला मी आधी त्याची विचारते. प्रवेश मिळाला होता, पण जातपडताळणी होईपर्यंत तात्पुरता. तुम्ही तेच आहात जे म्हणता, याचा पुरावा आणा. आजोबा शाळेत गेले नव्हते. पणजोबा एका छोट्या संस्थानाच्या शिकारखान्यात होते, कुत्री सांभाळायला. आप्पांनी धडपडून त्या शिकारखान्याचं जुनं दफ्तर शोधून काढलं. मोडीतलं पान वाचून घेतलं. त्यात प्रत्येक कुत्र्याचं नाव होतं, त्याच्या बापाचं नाव होतं, आईचं नाव होतं, कुठल्या महाराजांकडून भेट आलं ते होतं. आणि शेवटच्या ओळीत, राखणीस गडी एक. तो गडी म्हणजे आमचे पणजोबा. समितीतल्या साहेबांनी पान उलटसुलट करून बघितलं आणि गोड हसून विचारलं, "यात तुमच्या माणसाचं नाव कुठंय?"

चार वर्षं गेली. शेवटी आप्पांच्या चुलत्याच्या शाळेतली एक नोंद मिळाली आणि दाखला झाला. तोवर दर परीक्षेच्या आधी मला वाटायचं की यंदा बाहेर काढतील. आप्पांनी त्या सगळ्याची एक निळी फाइल केली होती. तिच्या झेरॉक्स, त्या झेरॉक्सच्या झेरॉक्स. आमच्या घरात देवापेक्षा त्या फाइलीला जास्त जपलं. त्यामुळे कुणी तुम्ही ते नव्हेच असं म्हटलं की मला एकच गोष्ट सुचते, पुरावा गोळा करायचा. ती खोड अंगात मुरलेली आहे. बाईसाहेबांना त्याची काहीही गरज नव्हती. तिला कोंबडी मिळत होती, सोफा मिळाला होता. गरज माझ्या रागाला होती.

मग मी वाचायला लागले. ड्युटी संपली की लायब्ररीतून आणलेली जाडजूड पुस्तकं घेऊन बसायचे आणि आप्पांना मराठीत सांगायचे. आप्पा बाईसाहेबांशेजारी जमिनीवर बसून ऐकायचे.

रशियातल्या सरदार-जमीनदारांनी ही कुत्री शेकडो वर्षं लांडग्यांसाठी वाढवली. शिकार पानगळीत असायची. आधी दुसरी, वासावर चालणारी कुत्री रानात सोडायची आणि लांडग्याला उघड्या माळावर आणायचं. तिथे घोडेस्वार थांबलेला असे, त्याच्या हातात एका दोरीवर तीन बोर्झॉय, बहुतेकदा दोन नर आणि एक मादी. दोरी सुटली की तिघं लांडग्याच्या दोन्ही बाजूंनी जायची, मानेला धरायची आणि मालक येईपर्यंत दाबून ठेवायची. मारायचं नाही, धरायचं. मारण्याचा मान मालकाचा. एकेका जमीनदाराकडे शंभर-शंभर कुत्री असत, आणि त्यांना खाऊ घालायला, धुवायला, आजारपणात उशाशी बसायला भूदास असत, जमिनीबरोबर ज्यांची मालकी बदलायची अशी माणसं. चांगल्या पिल्लाच्या बदल्यात भूदासांची कुटुंबं दिल्याच्या कहाण्या आहेत. हे वाचून दाखवलं तेव्हा आप्पांनी विचारलं की त्या माणसांची नावं दिलीत का पुस्तकात. मी पानं चाळली. कुत्र्यांची होती.

पुढे भूदास मोकळे झाले आणि जमीनदारांच्या शिकारी आक्रसल्या. झारच्या घराण्यातल्या एका ग्रँड ड्यूकने जुन्या वळणाची कुत्री गोळा करून मोठा शिकारखाना उभारला. तिथली पिल्लं इंग्लंडच्या राजवाड्यात गेली, अमेरिकेत गेली. मग क्रांती झाली. लोकांचा सगळा राग कुत्र्यांवर निघाला, कारण कुत्री म्हणजे मालकच. कित्येक मारली गेली, आणि कित्येक मालकांनी स्वतःच गोळ्या घातल्या, दुसऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून. या शेवटच्या वाक्याचं पुस्तकवाल्यांना फार कौतुक आहे. मला नाही. दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून जिवंत जनावर मारणं याला प्रेम म्हणणाऱ्याशी माझं पटत नाही.

आणि एक गोष्ट पुस्तकात अर्ध्या पानात उरकली होती, ती मी आप्पांना दोनदा वाचून दाखवली. ही ब्रीड परदेशातल्या श्रीमंतांकडे टिकली, ते खरं. पण रशियातही ती खेड्यापाड्यांतून राहिली, कोसॅकांच्या वस्त्यांतून, ससे-कोल्हे धरून कातडी विकणाऱ्यांच्या अंगणात. कागद नव्हते, वंशावळ नव्हती, होतं ते घरच्यांनी त्यांच्यासाठी राखून ठेवलेलं शेवटचं हाडूक. नंतर सरकारला जाग आली तेव्हा लोकांनी गावोगाव फिरून त्याच कुत्र्यांची नोंद केली. म्हणजे ज्यांच्याकडे पुरावा मागत होते त्यांच्याचकडे मूळ वस्तू शिल्लक होती.

एवढं वाचून मी गप्प बसायला हवं होतं. मी तीन पत्रं लिहिली, बोर्झॉय पाळणाऱ्यांच्या मंडळांना. फोटो, मापं, डाव्या कानावरचा भुरा डाग, सगळं. हिला बोर्झॉय म्हणता येईल की नाही एवढंच सांगा. एका बाईंचं छान उत्तर आलं की शंभर टक्के, आणि तुम्ही पाठवलेला फोटो मी आमच्या वर्तुळात फिरवलाय, बघू कुणाच्या वळणाची निघते.

दोन आठवड्यांनी, नवरा कामामुळे आला नव्हता अशा एका शनिवारी सकाळी मुलगी वरून ओरडली, "युअर मॅन इज ॲट द डोर." युअर मॅन म्हणजे इथल्या बोलीत नवरा नव्हे, कुणीही एक माणूस. हा साठीचा, ट्वीडची टोपी घातलेला, बूट पुसून आत येणारा. बाईसाहेब सोफ्यावर होती. त्याचा आवाज ऐकताच ती उतरली, आप्पांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि थरथरायला लागली. मला जे कळायचं ते तिथेच कळलं. बाकीचा तासभर नुसती सभ्यता होती.

त्याने जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. जाड, पिवळसर, शिक्क्याचे. बाईसाहेबांचं खरं नाव एका श्वासात संपत नव्हतं. त्याखाली आईबाप, आजेआजी, असं पाच पिढ्यांपर्यंत, आणि आणखी एक हाताने काढलेला तक्ता, थेट त्या ग्रँड ड्यूकच्या शिकारखान्यापर्यंत. आप्पांनी चष्मा लावला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण त्यांनी कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं, मोठ्या आदराने. त्यांना राग आला नव्हता. त्यांना हेवा वाटत होता, आणि ते बघून मला रडू आलं असतं.

मी त्या माणसाला विचारलं की चिप का नव्हती. घालायची राहिली, म्हणाला. कोंडवाड्यात चौकशी का केली नाही. वादळात कुंपण पडलं, आसपास पुष्कळ शोधलं, पण कोंडवाड्याच्या लोकांशी त्याला संबंध नको असतो. ती किती वेळा व्यायली, हे विचारल्यावर त्याचा चेहरा खुलला. "तीनदा," तो म्हणाला. "फार चांगली पिल्लं. डॉक्टर, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला कळेल. असं रक्त इथे सोफ्यावर वाया जातंय."

मी कोंडवाड्याचा कागद आणून त्याच्या कागदांशेजारी ठेवला. अर्ध्या पानाचा, त्यावर लर्चर लिहिलेलं, खाली माझी सही. मी म्हटलं की कायद्याने पाच दिवस झाल्यावर ही मला मिळाली. तुम्हाला वकिलाकडे जायचं असेल तर जा, मीही तिथे विचारीन की चिप नसलेल्या कुत्रीची तीन बाळंतपणं कशी झाली. त्याने कागद गोळा केले, आप्पांना मान लववून नमस्कार केला आणि गेला. जाताना म्हणाला की विचार करा.

विचार त्यानेच केला. आठवड्याने पत्र आलं. वकिलाचं नाही, त्याचंच, सुंदर अक्षरात. वाद नको. नोंदणीचे कागद तो माझ्या नावे करून द्यायला तयार होता, कुत्री कायमची माझी. अट एकच, पुढच्या माजाला तिला त्याच्या नराकडे न्यायचं. एक वेत. पिल्लं त्याची.

नवरा शुक्रवारी आला, पत्र वाचलं आणि म्हणाला की घेऊन टाक, कटकट मिटेल, कुत्री राहतेय ना. मुलगी म्हणाली की पिल्लं क्यूट असतील. त्या दोघांचं मला काही वाटलं नाही. आप्पांचं वाटलं. ते दोन दिवस त्या पत्राभोवती घुटमळत होते. शेवटी मी पोळ्या लाटत असताना ते ओट्याशी येऊन उभे राहिले.

"कागद घे पोरी," ते म्हणाले. "चार वर्सं त्या हापिसाच्या पायऱ्या झिजवल्या मी. हितं मानूस घरी आनून द्यायला लागलाय."

मी म्हटलं, "आप्पा, त्या पायऱ्या झिजवून मला डॉक्टर होता आलं. हिला काय मिळणार? चौथं बाळंतपण."

"कागद नसला की कोनबी येतंय आन् हाकलतंय. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

"माहीत आहे. म्हणून तर कागदापायी तिला विकायची नाही."

विकायची हा शब्द त्यांना लागला. ते वळून बाहेर गेले. मी पोळी करपवली. आयुष्यात वडिलांसमोर आवाज चढवला असेल तो त्या दिवशी, आणि चढवला याचं वाईट वाटलं, मागे घ्यावासा वाटला नाही. ज्या माणसाने माझ्यासाठी कागदामागे उमेद घालवली त्याला मी कागद नको म्हणत होते. त्यांना ते स्वतःला नको म्हटल्यासारखं वाटलं असणार.

दोन दिवस आमचं बोलणं जेवायला या एवढंच. आप्पा सकाळी बाईसाहेबांना घेऊन तळ्याकाठी जायचे आणि उशिरा यायचे. तिसऱ्या दिवशी ते आले, पट्टा खुंटीला लावला आणि खुर्चीत बसून जमिनीकडे बघत बोलायला लागले. ते जे बोलले ते त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं. कदाचित त्यांनाही ते तळ्याकाठी तिला धापा टाकत बसलेली बघून आठवलं असेल.

त्यांचे आजोबा, म्हणजे तो गडी एक, शिकारखान्यातली कुत्री व्यायली की पिल्लांचं दूध तुटल्यावर तिला आपल्या घरी आणून बांधायचे. सरकारांना सांगायचे की हिला रोग झालाय, बाकीच्यांना लागेल. महिना दोन महिने ती त्यांच्या चुलीपाशी झोपायची, त्यांच्या वाटणीच्या भाकरीतलं खायची. अंग भरलं की बरी झाली म्हणून परत न्यायचे. एकदा हे उघडकीला आलं. पाठीवर वळ उठेपर्यंत मार खाल्ला. पुढच्या वेताला पुन्हा तेच केलं.

"आज्या म्हनायचा, तिला बोलता येत न्हाई, मला खोटं बोलता येतंय," आप्पा म्हणाले.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. निळ्या फाइलीत ही गोष्ट कुठेही नाही. समितीच्या साहेबांनी मागितली नाही आणि आम्हीही दिली नाही. आमच्या घराण्याबद्दल मला जे काही जाणून घ्यायचं होतं ते त्या एका वाक्यात होतं, आणि ते मला चाळिशीत, मेयोमधल्या भाड्याच्या घरात कळलं. मला आप्पांचा रागही आला की इतकी वर्षं हे सांगितलं का नाही. विचारलं तर म्हणाले की त्यात सांगण्यासारखं काय आहे, मार खाल्लेला.

त्याच संध्याकाळी मी त्या गृहस्थाला उत्तर लिहिलं. दोन ओळी. कागद तुमच्याकडेच ठेवा. बुधवारी तिचं गर्भाशय काढायचं ऑपरेशन आहे, त्यानंतर कुणालाच तिची चौकशी करण्याचं कारण उरणार नाही. शेकडो वर्षांचं वळण मी एका सकाळीत बंद करत होते, हे मला कळत होतं. जपणाऱ्यांनी दुसरीकडे जपावं. ग्रँड ड्यूकचं रक्त चालवायची जबाबदारी माझ्या घरातल्या बाईवर नाही.

बुधवारी आप्पाही बरोबर आले. मी त्यांना बोलावलं नव्हतं, ते बूट घालून दारात उभेच होते. जनावरांच्या दवाखान्यातल्या मुलीने फॉर्म पुढे केला. नाव, वय, मालकाचं नाव, ते मी झरझर लिहिलं. मग ब्रीड. पेन टेकवून मी थांबले. आप्पांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"ह्यात काय इचारत्यात?"

मी सांगितलं. ती जागा रिकामी सोडावी असं मला फार वाटलं, सोडून दाखवावी असं. पण मी भूलतज्ज्ञ आहे. या बांधणीच्या कुत्र्यांच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते. भुलीची काही औषधं रक्तातून लवकर उतरत नाहीत, नेहमीच्या मात्रेने ती तासन्‌तास शुद्धीवर येत नाहीत, कधी येतच नाहीत. तिच्या पाच पिढ्यांपैकी एवढीच गोष्ट त्या सकाळी खरोखर कामाची होती. ती तिच्या फासळ्यांवर सरळ दिसत होती, कुणाच्या तक्त्याची गरज नव्हती. मी त्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, ओळ पुरली नाही तेव्हा समासात लिहिलं, आणि सही केली.

"काय लिवलंस एवढं?" आप्पांनी विचारलं.

"अंगावर चरबी नाही. भूल बेताने द्या. जागी व्हायला वेळ लागेल, तोवर पांघरूण घाला आणि कुणीतरी जवळ बसा."

आप्पांनी फॉर्म माझ्या हातातून घेतला, वाचता येत नसताना एकदा वरपासून खालपर्यंत बघितला आणि त्या मुलीला दिला.

"तेवढंच लागतंय," ते म्हणाले, आणि पट्टा धरून तिला आत घेऊन गेले.